अकरा चित्रांचे एक पाऊल

मित्रांनो, माझ्या काळात सिनेमा डब्यातून यायचा आणि दातांवरून चालायचा. ते दात माझे. मी विद्यापीठाच्या सभागृहातला जुना प्रोजेक्टर.

फिल्मच्या कडेला भोकांची रांग असते. एकेका भोकात माझा एकेक दात बसतो आणि सेकंदाला चोवीस चित्रे दिव्यासमोरून सरकतात. दरवर्षी परीक्षा संपल्या की दोन महिने आमचा हंगाम असे. गुरुवारी माहितीपट, शनिवारी मंचावर गाणे, नाच किंवा नाटक. "मशीन काय गोड चालतंय!" असे कुणी म्हटले की मला चालवणारे काका कॉलर ताठ करत. पुढे छताला नवे, आवाज न करणारे यंत्र लागले. माझ्यावर खोळ चढली आणि खोळीवर चहाचे कप.

यंदा काका ती खोळ काढायला आले. त्यांना निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली होती. सोबत एक गायिका होती. तिची आई कापडगिरणीत कामाला असे. त्या गिरणीवर विद्यार्थ्यांनी एक मूक माहितीपट काढला होता. त्याची एकच प्रत, आमच्या कपाटात. मुलगी तीन वर्षांची असताना आई गेली. आता शनिवारी पडद्यावर आई मागावर काम करणार आणि मंचावर मुलगी आईची गाणी गाणार, असे ठरले होते.

"फोटो आहेत हो, काका," ती म्हणाली. "पण आई चालायची कशी, ते कुणाला सांगता येत नाही. मावशीला विचारलं तर म्हणते, कशी म्हणजे? पायांनी!"

काका हसले. "परवा बघालच. वीस वर्षांपूर्वी मी स्वतः डब्याला चिकटपट्टी लावलीय. मुंगी शिरायची नाही."

डबा उघडला आणि व्हिनेगरसारखा आंबट वास खोलीभर पसरला. काकांचा चेहरा उतरला. जुनी फिल्म आम्लाची वाफ सोडते. वाफ बाहेर गेली तर फिल्म सावकाश म्हातारी होते. कोंडली तर तीच वाफ फिल्मला खाते. जपण्यासाठी लावलेल्या पट्टीनेच घात केला होता.

"फिल्मचा सुरुवातीचा भाग कोरा असतो, ताई. तेवढाच चालवून बघू," काका म्हणाले आणि मला थोपटले. "म्हातारबा, दात सांभाळ. माझे तर गेलेच."

फिल्म आकसली होती. शंभर भोकांच्या जागेत आता एकशे दोन भोके होती. काकांनी ते मोजले नाही. मला पहिल्या स्पर्शात कळले. सुरुवातीचा कोरा भागही कधीच तुटून गेला होता, त्यामुळे माझ्या दातांत थेट चित्रेच आली. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. बटण दाबले की मी चालतो. माझे दात भोके सोडून कडा फाडत गेले.

"थांबवा! काका, थांबवा!"

तोवर एक तुकडा जमिनीवर पडला होता. काकांनी मला बंद केले. "माझ्याच हातून झालं, ताई."

तुकडा कडांनी धरून तिने खिडकीपाशी नेला. नखाएवढी अकरा चित्रे, जेमतेम अर्ध्या सेकंदाची. ती एकेक बघत गेली. पहिल्यात गिरणीच्या दारात एक बाई, टाच नुकती उचललेली. अकराव्यात तो पाय उंबऱ्याच्या आत टेकलेला.

"डावा," ती हळूच म्हणाली. "आई डावा पाय आधी टाकते."

मग तिने डोळे पुसले. "उरलेली चालवू नका, काका."

उरलेली फिल्म दातांशिवाय एकेक चित्र टिपणाऱ्या प्रयोगशाळेत गेली आहे. तिथून अजून "प्रयत्न करतो" एवढेच उत्तर येते.

शनिवारी पडद्यावर माझा नुसता पांढरा उजेड होता. ती विंगेच्या कडेला क्षणभर थांबली आणि डावा पाय आधी टाकून त्या उजेडात शिरली. ती गात होती तोवर काकांचा हात माझ्या तापलेल्या पत्र्यावर होता. चटका बसत असणार, पण त्यांनी तो काढला नाही.

मित्रांनो, मी ज्या कामासाठी घडलो, तेच करताना ती फिल्म फाडली. तुमच्याही कपाटात कुणीतरी मायेने बंद केलेला एखादा डबा असेल. तो नीट ठेवलाय म्हणून निर्धास्त राहू नका. आजच उघडा, आणि आधी वास घ्या.