फोडलेल्या वाटेवरच्या तांबोश्या

नातीचा पहिला वाढदिवस म्हणजे अख्ख्या गावाचं जेवण. प्रशांत महासागरातल्या किरिबाटीत मूल वर्षाचं झालं की आजोबाची पत पणाला लागते, आणि कायेआ तर बेटावरचा नावाजलेला गळवाला. "अशा तांबोश्या आणीन की केळीच्या पानात मावणार नाहीत," असं तो सगळीकडे सांगत सुटला होता.

पण ऐन वेळी प्रवाळाच्या कड्याबाहेरचा समुद्र खवळला आणि मासा लागेना. तेव्हा तो गुपचूप फोडलेल्या वाटेवर गेला. बोटींना वाट करायला तिथलं प्रवाळ सुरुंग लावून उडवलं होतं, आणि तिथला मासा कुणी खायचा नाही असं म्हाताऱ्यांनी सभाघरात बजावलं होतं. गळ टाकायचा अवकाश, हातभर लांबीच्या तांबोश्या लागल्या.

"कुठं गावल्या?" बायकोनं, तेरेतियानं विचारलं.

"बाहेर. आणखी कुठं?"

गाव तुडुंब जेवलं. यजमान शेवटी बसतो. कायेआच्या वाट्याला नुसता कंद आणि नारळ उरला.

दिवस मावळायच्या आत घरोघरी माणसं आडवी झाली. उलट्या, जुलाब, ओठांना मुंग्या. गार पाणी ओठाला लागलं की चटका बसल्यासारखं होई. सुनेनं मासा खाल्ला होता, म्हणून नर्सबाईंनी नातीला अंगावर पाजायचं बंद करायला सांगितलं. पोर रडून रडून लाल झाली.

कायेआ मात्र ठणठणीत. हातपाय धड असल्याची त्याला एवढी लाज कधी वाटली नव्हती. गावचा म्हातारा बाउरो चटईवर पडल्या पडल्या म्हणाला, "तुझं पोट बरं शाबूत राहिलं रे! देवाचा लाडका दिसतोस." कायेआ मान खाली घालून बाहेर पडला.

राजधानी तारावाहून येणाऱ्या बोटीनं त्याची पुतणी तिरोइया आली. ती मासेमारी खात्यात होती. सोबत सूक्ष्मदर्शक होता.

"काका, मासे बाहेरचेच ना? मग तिथली मासेमारीही थांबवायला सांगावं लागेल मला."

बाहेरचा समुद्र बंद म्हणजे गावाच्या चुली बंद. कायेआनं होडी पाण्यात ढकलली. तिला होडीत बसवून त्यानं होडी फोडलेल्या वाटेकडे वळवली. तिरोइयानं त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ बाटलीत भरलं.

घरी तिनं त्याला भिंगातून दाखवलं. मसुरीच्या डाळीसारखे चपटे, तपकिरी सोनेरी दाणे. एक हळूच गिरक्या घेत होता.

"हा किडा?"

"किडा नाही. एकच पेशी. तिला ना पोट, ना डोळे. उन्हावर जगते, एकीच्या दोन होतात. प्रवाळ मेलं की शेवाळ माजतं, त्यावर या चिकटून राहतात. शेवाळ बारके मासे खातात, बारक्यांना तांबोशी. तिला काही होत नाही, पण तिच्या अंगात या पेशींचं विष साठत जातं. शिजवून जात नाही, चवीला कळत नाही." तिनं भिंगाकडे बोट दाखवलं. "हिच्यामुळे झालं, काका. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

"हिला काय ठाऊक बिचारीला? हिला डोळे नाहीत म्हणालीस ना. मला होते."

म्हातारे उठून बसू लागले तसा तो सभाघरात गेला. आपल्या नेहमीच्या जागी न बसता कडेला बसला आणि सगळं सांगून टाकलं. "बाहेरच्या नव्हत्या. मी खोटं बोललो."

बाउरो खोकत हसला. "अरे, एवढ्या मोठ्या तांबोश्या बाहेर कधी लागल्या होत्या? पान पुढ्यात आलं तेव्हाच शंका आली मला."

"मग खाल्ल्या कशाला?"

"तुझ्या नातीच्या दिवशी तुला मान खाली घालायला लावायची होय?"

बाकीचे हसले. कुणी शिवी दिली असती तर कायेआला बरं वाटलं असतं. खाली पाहत तो चटईची दशी उलगडत राहिला.

सकाळी त्यानं पातेलंभर पाणी कोमट केलं आणि घरोघरी नेलं. गार पाणी अजून कुणाला सोसवत नव्हतं. सुनेच्या दाराशी तो शेवटी गेला. तिनं पेला घेतला, घोट घेतला. सासऱ्याकडे मात्र पाहिलं नाही. तो पेला रिकामा व्हायची वाट पाहत दारातच उभा राहिला.