दुसरा टर्बो बदलीवर

मला थांबता येत नाही. सिग्नलला नाही, दवाखान्यात नाही, देवळातल्या रांगेत तर नाहीच. बायको म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी आहे. असेल. मी लहान असताना गिरण्यांचा संप सुरू झाला आणि घोडपदेवच्या आमच्या खोलीत सगळे वाट बघायला बसले. शिमग्यापर्यंत मिटेल, गणपतीपर्यंत मिटेल, दिवाळीला तरी मिटेलच. आईने खाणावळ घातली, गळ्यातलं विकलं, आणि बाबा दारात बसून म्हणायचा, "थांबा, बघू." तो शब्द ऐकला की अजून माझं डोकं फिरतं.

बाबा, म्हणजे रामदास, गिरणीत साचाखात्यात फिटर होता. साचे म्हणजे माग. संपानंतर तो मोटारींकडे वळला आणि पुढे मीही त्याच्या हाताखाली आलो. दारूखान्याचा भंगारबाजार जवळच, तिथे परदेशातून अर्ध्या कापून आलेल्या गाड्यांची धडं मिळतात. त्यातलं इंजिन काढायचं आणि ज्या गाडीचं इंजिन मेलंय तिच्यात बसवायचं, हा आमचा धंदा. लोक म्हणतात बापलेकांचं छान जमतं. जमतं कसलं, दिवसभर भांडतो आम्ही.

त्या वर्षी भांडण मनमोहनच्या गाडीवरून चाललं होतं. मनमोहन गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातला, हौशी माणूस. त्याच्या जपानी गाडीत आम्ही जे इंजिन बसवलं त्याला दोन टर्बो होते. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. पण हे दोघे एकदम कामाला लागत नाहीत. बाबाने मनमोहनला गिरणीच्या भाषेत एका वाक्यात समजावलं होतं, "एक टर्बो कायम, दुसरा बदलीवर. काम वाढलं की बदलीवाल्याला आत घ्यायचं."

तो आत येतानाच घोटाळा होत होता. वेग चढायचा, आणि दुसरा टर्बो लागायच्या वेळी गाडी क्षणभर मान टाकायची. तो एक क्षण मला सहन होईना. मी म्हणत होतो, दुसऱ्याला अडवून धरणाऱ्या सगळ्या नळ्या काढून टाकू, दोघांना पहिल्यापासून जुंपू. बाबा म्हणायचा, "मग कमी वेगातला जोर जाईल. बदलीवाल्याला आत घ्यायची वेळ चुकतेय, त्याचा काय दोष? स्क्रू फिरवून वेळ गाठ."

ती गाठायची तर सरळ, मोकळी जागा हवी. शिवाय माणसं दोन हवीत: एकाने गाडी पळवायची, दुसऱ्याने शेजारी बसून हवेच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवायची. दाब हाताबाहेर गेला तर पिस्टन फुटतं, वेळ आली तर गाडी पेटते. मनमोहनने ओळखीने परळच्या एका बंद गिरणीचं पटांगण मिळवून दिलं, तेही एकाच सकाळपुरतं. दुसऱ्या दिवसापासून तिथे टॉवरसाठी खोदकाम सुरू होणार होतं. गाडी आज जमली नाही तर तो ती पुण्याला दुसऱ्या गॅरेजात पाठवणार होता. ही एक गाडी जमली असती तर आमचं नाव झालं असतं.

बाबा कामाला होता तीच ही गिरणी. गेटाशी पोचलो, तसा तो गाडीतून उतरला.

"काय झालं?" मी म्हणालो.

"संप आहे."

मला वाटलं, थट्टा करतोय. "बाबा, गिरणी नाहीये आता. आत एक साचा नाही. भंगारात गेलं सगळं. कुणाविरुद्ध संप करतोयस तू?"

"कुणी मागे घेतला का? संप मिटला म्हणून कुणी जाहीर केलं का?"

"नाही, पण..."

"मग चालूच आहे. मिटला नाही तोवर आपण हरलो नाही, जयवंता. मी आत पाय टाकला की हरलो."

जित्याची खोड! गेट उघडून वॉचमन तुळशीदास उभा होता. तोही साचाखात्यातलाच, एके काळी आमच्याच चाळीत राहायचा. संप चालू असताना पोलिसांच्या गाडीत बसून गिरणीच्या आत गेला, कामाला. चाळीने त्याच्याशी बोलणं टाकलं, शेवटी खोली विकून तो भोईवाड्याला गेला. बाबाच्या लेखी तो तेव्हाच मेला होता. आताही बाबा त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"ठीक आहे," मी म्हणालो. "बस इथे, उंटावरून शेळ्या हाकत." आणि गाडी एकट्याने आत घातली.

सायलेन्सर अजून बसवला नव्हता. गाडीत बसलेल्याला त्या गडगडाटात दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. दाबाचा काटा पलीकडच्या सीटसमोर तात्पुरता बांधलेला. पटांगणाच्या टोकाला गिरणीची चिमणी होती, तिच्याकडे गाडी सोडल्यावर तिकडे मान वळवायची सोयच नव्हती. पण दुसरा टर्बो काय आला! मान टाकणं नाही, अडखळणं नाही. पाठ सीटला चिकटली. मी एकटाच ओरडलो. टोकाला गाडी वळवली आणि लगेच पुन्हा सोडली.

समोर पटांगणाच्या मधोमध बाबा धावत येत होता. एका पायात चप्पल नव्हती. मूठ छातीशी नेऊन तो जोरजोरात खाली ओढत होता. साचाखात्यात बोललेलं ऐकू जायचं नाही, म्हणून तिथले कामगार हातांनीच बोलायचे. ही खूण म्हणजे, साचा बंद कर. लहानपणी आम्हां भावंडांना गप्प करायलाही तो हेच करायचा. मी ब्रेक दाबला, चावी फिरवली.

"बहिरा आहेस?" त्याला धाप लागली होती. "टर्बोची शिट्टी थांबायला हवी तिथे थांबत नाहीये! डब्यात खडे हलवावेत तसं वाजतंय इंजिन. भिंतीपलीकडे ऐकू येतंय मला!"

त्याने बॉनेट उघडलं. दाब आवरणारी बारीक नळी निसटून लोंबत होती. दुसऱ्या टर्बोला लगामच नव्हता. म्हणून तर तो इतका छान आला होता. ही फेरी पुरी झाली असती तर इंजिन माझ्या गुडघ्यांसमोरच फुटलं असतं.

बाबाने नळी जागेवर बसवली, क्लिप आवळली. मग त्याने वर पाहिलं, चिमणीकडे. मग खाली, स्वतःच्या पायांकडे. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, आणि माझ्याही. तो आत यावा म्हणून मी सकाळपासून तडफडत होतो. आता तो आत होता आणि मला त्याच्याकडे बघवेना.

"बाबा, जाऊ दे. निघू आपण."

"आता कशाला निघतोस?" तो म्हणाला आणि शेजारी येऊन बसला. "चल. मी काटा बघतो."

आम्ही फेऱ्या मारल्या. तो आकडे सांगत होता, मी थांबून स्क्रू फिरवत होतो. शेवटच्या फेरीत दुसरा टर्बो इतक्या गुमान आत आला की कळलंसुद्धा नाही. "बरोबर," बाबा म्हणाला. बस, इतकंच.

बाहेर पडताना त्याने गेटाशी गाडी थांबवायला सांगितली आणि काच खाली केली. तुळशीदास खुर्चीवरून उठून उभा राहिला.

"पोर होता रे माझा आत," बाबा म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्याशी बोललेला पहिला शब्द.

"माझी पण पोरच होती, रामदास," तुळशीदास म्हणाला. "तापाने फणफणली होती, औषधाला पैसा नव्हता. आत गेलो त्या रात्री तुला सांगायला आलो होतो. तू दार उघडलं नाहीस."

बाबा दाबाच्या काट्याकडे बघत राहिला. काटा शून्यावर होता. मग त्याने विचारलं, "जगली ना रे?"

"जगली. नायगावला दिलीय. तिला दोन मुलं आहेत."

बाबाने खिडकीतून हात बाहेर काढून तुळशीदासचं मनगट धरलं. तो रडत होता, आणि डोळे पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"बरं केलंस," तो म्हणाला. "गेलास आत, बरं केलंस."