बिळावरच्या लाल झेंड्या

मी खोकड बोलतेय. कोल्हा नव्हे! त्याच्यापेक्षा लहान, आणि शेपटीचं टोक काळं. पण तुम्ही सरसकट "कोल्हा, कोल्हा" म्हणत दगड उचलता. तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म गवताळ माळावरचा. उंदीर, टोळ, रानबोरं खायची आणि बिळात राहायचं. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. तुमच्या कागदावर मात्र हा माळ 'पडीक'. झाड नाही म्हणजे काहीच नाही, हे तुमचं शहाणपण.

यंदा मला चार पिल्लं झाली. त्यांचे डोळेही उघडले नव्हते, तोच खोकडांची गणती करणाऱ्या बाई वही घेऊन आल्या. बिळाच्या तिन्ही तोंडांशी त्यांनी लाल झेंड्या रोवल्या.

"झेंडी दिसली की इथे कोणी पाय ठेवणार नाही," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या आणि निघून गेल्या.

आठवड्याने झाडं लावणारी टोळी आली. झेंड्या बघून मुकादमाची कळी खुलली.

"अरे, खुणा करून ठेवल्यात. खड्डेपण तयार आहेत! लावा रोपं."

खणायचे कष्ट वाचले ना! तिन्ही तोंडांत रोपं बसवली, माती ठोकली, वर टँकरचं पाणी सोडलं. मी समोर उभी राहून जिवाच्या आकांताने ओरडत होते.

"कोल्हा खूश झालाय बघा," एकजण हसला. ते हसणं मी विसरणार नाही.

टोळी जेवायला बसताच मी नखं तुटेपर्यंत उकरलं. तीन पिल्लं बाहेर काढली. चौथं चिखलात गार पडलं होतं. कितीतरी वेळ चाटलं, पण ऊब आली नाही.

बाई परत आल्या तेव्हा मुकादम म्हणाला, "जनावरानं एक रोप उपटलंय, बाई. दुसरं लावतो."

बाई उकरलेल्या बिळाशी बसल्या. "माझीच चूक झाली हो," म्हणत रडल्या. मला त्यांची दया आली नाही.

उरलेली रोपं त्यांनी स्वतः उपटली. आता माळाच्या कडेला 'खोकड वाचवा' असा फलक आहे. त्यावरच्या चित्रात शेपटीचं टोक पांढरं! अहो, वाचवायचंच असेल तर माळाला माळ राहू द्या. एवढं केलंत तरी पुरे.

काल बाई माझ्या नव्या बिळाशी आल्या. पिशवीतून झेंडी काढली, क्षणभर हातात धरली आणि परत पिशवीत ठेवली. आल्या पावली निघून गेल्या.

मी पिल्लं हलवली नाहीत. वैर मात्र कायम आहे.