मांडीखाली हात

“एक उरला,” हे म्हणाले आणि टेबलावर एक चकचकीत स्क्रू ठेवला.

हे म्हणजे आमचे यजमान. समोर त्यांनी नुकताच जोडलेला पंखा उभा होता. तो फिरत होता, फक्त फिरताना हट्टी पोरासारखी मान हलवत होता. ह्यांनी तो स्क्रू उचलून स्वयंपाकघरातल्या बरणीत टाकला. ती बरणी आमच्या संसाराएवढी जुनी आहे. ह्यांनी माहितीपुस्तिका न वाचता जोडलेल्या प्रत्येक वस्तूचा काही ना काही अवशेष तिच्यात आहे: कपाटाची बिजागरी, शिलाई मशीनची चकती, आणि कुठल्या तरी खुर्चीचा एक पाय, जो आत मावत नाही म्हणून बरणीला टेकवून ठेवलाय. ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर अख्ख्या गावाला बारीक अक्षरं वाचायला लावतात आणि घरी आले की छापील कागदाशी कट्टी.

“पंख्याची पुस्तिका कुठंय?” मी विचारलं.

“असेल खोक्यात. पंख्याला कसली पुस्तिका? बटण दाबलं की फिरतो.”

एरवी मी हसले असते. त्या दिवशी मला रडू आलं. कारण बावीस वर्षं मी पुस्तिकाच लिहिते आणि त्याच दुपारी आमच्या नव्या साहेबांनी अगदी असंच काहीतरी मला ऐकवलं होतं.

आमच्या कारखान्यात प्राणवायूची यंत्रं बनतात. घरी ठेवायची, हवेतला प्राणवायू वेगळा काढून नळीने नाकापर्यंत पोचवणारी. साहेबांना पुस्तिका बंद करून खोक्यात नुसतं सहा चित्रांचं कार्ड टाकायचं होतं. कार्डाचा नमुना तयारही होता. “चाळीस पानं कोण वाचतं, बाई? खरं सांगा, तुमच्या घरी तरी कोणी वाचतं का?” मला आमची बरणी आठवली. सोमवारी निर्णय होणार होता. माझं टेबल उचललं गेलं असतं आणि मी गोदामाच्या नोंदवहीवर गेले असते.

मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले होते. पहिल्याच आठवड्यात आमच्या मिस्त्रींनी मला एका यंत्राची माहिती टाइप करायला सांगितली. ते सांगत होते, “मग कळ फिरवायची.” मी विचारलं, “कुठली कळ?” ते म्हणाले, “ते काय सांगायचं? सगळ्यांना कळतं.” मी म्हटलं, “मला नाही कळत.” मिस्त्रींनी माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाले, “मग तूच लिही.” न कळण्यावर नोकरी मिळालेली मी कारखान्यातली एकमेव बाई. तेव्हापासून मला सगळे पायरीबाई म्हणतात, कारण मी सगळं पायरी पायरीने लिहिते.

पण पुढे कळत जातं, तीच खरी पंचाईत. म्हणून मी एक पद्धत पाडून घेतली. नवी पुस्तिका लिहिली की यंत्राची काही माहिती नसलेल्या माणसाला ती द्यायची, समोर यंत्र ठेवायचं आणि आपण दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचं. बोलायचं नाही. बोट दाखवायचं नाही. तो जिथे अडेल तिथे चूक आपली. कॅन्टीनच्या मावशी, पोस्टमन, विमा विकायला आलेला माणूस, सगळ्यांनी माझी यंत्रं जोडली आहेत. घरच्यांना मात्र मी कधी बसवलं नव्हतं. घरचं माणूस वाचत नाही, आपल्यालाच हाक मारतं.

पंख्यानंतर तिसऱ्या दिवशी, शनिवारी, सासूबाईंच्या डॉक्टरांनी त्यांना रोज चार तास यंत्र लावायला सांगितलं. घाईचं काही नव्हतं, सोमवारपासून सुरू केलं तरी चालणार होतं. दुकानातून खोकं घरी आलं. यंत्र आमच्याच कारखान्याचं आणि आत पुस्तिका माझी. मला ते डोळे मिटून जोडता आलं असतं. मी पुढेही झाले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुस्तिका ह्यांच्या हातात दिली, स्टुलावर बसले आणि हात मांडीखाली घातले.

“हे काय?” ह्यांनी विचारलं.

“तुम्ही जोडा. मी बोलणार नाही.”

हे खोक्याकडे बघत राहिले. मग आईकडे पाहिलं. सासूबाई खुर्चीत बसून चहात बिस्किट बुडवत होत्या.

“आईच्या नाकात नळी जायचीय,” हे हळूच म्हणाले, “इथे बरणी चालणार नाही.” आणि त्यांनी खिशातून चष्मा काढला.

बावीस वर्षांत पहिल्यांदा माझा नवरा माझं लिखाण वाचत होता. तेही मोठ्याने, पाठ्यपुस्तक वाचणाऱ्या मुलासारखं, प्रत्येक ओळीखाली बोट धरून. “पायरी तिसरी. बाटलीत खालच्या आणि वरच्या रेषेच्या मधोमध पाणी भरा. घाई करू नका, यंत्र तुमच्यासाठी थांबेल.” हे थांबले. “हे तू लिहिलंस? ‘यंत्र तुमच्यासाठी थांबेल’?”

मी नुसती मान हलवली.

“छान आहे गं,” ते म्हणाले आणि पुढे वाचू लागले. चौथी पायरी झाली, सहावी झाली, नववी झाली. एकही पायरी गाळली नाही. नळी बसली, टोपण फिरलं, शेवटी बटण दाबलं.

यंत्र किंचाळलं. लाल दिवा लागला. ह्यांनी घाबरून बटण बंद केलं, पुन्हा पहिल्यापासून सगळं वाचलं, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच.

“सगळं केलं मी! सांग ना, काय चुकलं?”

माझ्या मांडीखालचे हात अक्षरशः वळवळत होते. काय चुकलं ते मला त्या क्षणी कळलं. बोलून टाकावं, असं जिभेच्या टोकावर आलं होतं.

“अगं, बोल की सूनबाई,” सासूबाई म्हणाल्या. “त्याचा चेहरा बघ कसा झालाय.”

“आई, मी बोलले तर कागदाची परीक्षा होणार नाही.”

“बरं बाई.” त्यांनी कप खाली ठेवला आणि वाकून यंत्राच्या पाठीकडे पाहिलं. “अरे, या जाळीच्या आत ते काळं काय कोंबलंय? तुझ्या नव्या बुटांत निघतं तसलं दिसतंय.”

ह्यांनी जाळी उघडली. आत स्पंजचा जाडसर तुकडा होता. प्रवासात आदळआपट सोसावी म्हणून पॅकिंगवाल्यांनी चार महिन्यांपासून घालायला घेतलेला. कारखान्यात आम्ही सगळे यंत्र हातात आलं की तो आधी उपटून फेकतो, इतका हाताच्या सवयीचा झालाय. त्यामुळेच मी तो लिहिला नव्हता. सगळ्यांना कळतं, असं मलाच वाटलं होतं.

स्पंज निघाला. बटण दाबलं. यंत्र शांतपणे घुमू लागलं आणि हिरवा दिवा लागला. सासूबाईंनी नळी लावली, दोन श्वास घेतले आणि म्हणाल्या, “गार वाटतंय.”

“म्हणजे चूक माझी नव्हती?” ह्यांनी विचारलं.

“नव्हती! चूक माझी!” मी स्टुलावरून उठून त्यांचा हातच धरला. इतका आनंद मला स्वतःच्या चुकीचा कधीच झाला नव्हता. “तुम्ही वाचलंत म्हणून सापडली.”

सोमवारी मी आधी दुरुस्ती विभागात गेले. ‘चालत नाही’ म्हणून परत आलेली अकरा यंत्रं तिथे रांगेत होती. मिस्त्रींनी एकेकाची जाळी उघडली. नऊ यंत्रांत स्पंज. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. “पायरीबाई, आपण दोघं फारच शहाणे झालो गं.”

मग खोकं न फोडलेलं एक नवं यंत्र घेऊन मी साहेबांच्या खोलीत गेले. त्यांच्या पुढ्यात त्यांचं सहा चित्रांचं कार्ड ठेवलं, खुर्ची ओढली आणि हात मांडीखाली घातले. साहेबांनी कोट काढला. पाच मिनिटांत यंत्र किंचाळलं.

“आता?” साहेबांनी विचारलं. मी छताकडे पाहिलं.

“अहो बाई, आता काय?”

मी पुस्तिका पुढे सरकवली. तिच्यात पेन्सिलीने लिहिलेली नवी पायरी होती: ‘मागची जाळी उघडा. आतला काळा स्पंज काढून टाका.’ साहेबांनी वाचलं, स्पंज काढला, हिरव्या दिव्याकडे बघत राहिले आणि मग मोठ्याने हसले. “पुस्तिका राहू द्या. आणि हे कार्डही तुम्हीच करा. पण ते हात जरा वर घ्या, मला धाक वाटतो.”

नवी पुस्तिका छापून आली तेव्हा पहिली प्रत मी घरी आणली. सासूबाईंनी ती ह्यांचा चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मग उलटसुलट करून पाहिली.

“तुझं नाव कुठंय यात?”

“पुस्तिकेवर नाव नसतं, आई. कारखान्याचं असतं.”

“बावीस वर्षं?”

“बावीस वर्षं.”

मी चहा ठेवायला आत गेले. बरणीत स्क्रूंच्या वर तो काळा स्पंज बसला होता. ह्यांनी कधी टाकला होता देव जाणे. बाहेर आले तेव्हा सासूबाई नळी लावून डोळे मिटून पडल्या होत्या आणि पुस्तिका त्यांच्या पोटावर होती. शेवटच्या पानावर ‘नोंदी’ म्हणून आम्ही चार रिकाम्या ओळी सोडतो. त्यातल्या पहिल्या दोन ओळींवर त्यांच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं:

‘हे माझ्या सुनेने लिहिले आहे. आधी वाचावे, मग बटण दाबावे.’