बॉनेटखालचा वास

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. जुनी म्हणजे खटारा नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. कारण लोक माझ्याकडे बघून चटकन तसं म्हणतात आणि मला ते झोंबतं. आज मी तुमच्यासमोर धडधाकट उभी आहे, ती अर्ध्यावर थांबलेल्या एका किल्लीमुळे. ती जराशी आणखी फिरली असती तर मी उरले नसते. माझं जाऊ द्या, माझ्या मागच्या सीटवर एक बाळ झोपलं होतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या कौतुकाच्या गोष्टी मी पुष्कळ सांगू शकते, पण त्या सगळ्याच मोटारी सांगतात. मला विकत घेतलं ते एका लाँड्रीवाल्याने. माझे मालक म्हणजे डाग काढण्यात पटाईत माणूस. शाई असो, तेल असो, लोखंडाचा गंज असो, कपडा हातात घेऊन ते नुसतं 'हं' म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी डाग गायब. डाग काढायला त्यांच्याकडे पेट्रोलच्या भावंडासारखं एक पातळ द्रव असे. दुकानात त्याला सगळे 'औषध' म्हणत. मालकांच्या कपड्यांना, केसांना, हातांना कायम त्या औषधाचा वास यायचा. त्यांची लेक लहान असताना शाळेतून आली की धावत जाऊन त्यांच्या पोटाला मिठी मारायची आणि नाक खुपसून म्हणायची, 'बाबांचा वास!' मी दारात उभी राहून हे रोज पाहत असे.

मालकांना स्वतःला मात्र तो वास येत नसे. सगळा जन्म त्यातच गेल्यावर नाक तरी किती दिवस दखल घेणार? पुढे तर ते औषध नाकाशी धरलं तरी त्यांना पाणी आणि औषध यांतला फरक कळेना. घरात याचा विनोद झाला होता. मीही हसले होते. त्या हसण्याची किंमत मला पुढे कळली.

मी वरून नेहमी चकाचक असायचे. मालकांना दारात मळकी वस्तू चालतच नसे. पण माझं बॉनेट उघडून आत कोण बघतंय? इंजिनावर तेलाचे ओघळ, त्यांवर धूळ, धुळीवर आणखी तेल, असे थर चढत गेले. आमचे मिस्त्री एकदा पाहून म्हणाले होते, "वरून नवरी आणि आतून उकिरडा." मला राग आला, पण खोटं काय होतं त्यात? त्याच वेळी त्यांनी माझ्या स्टार्टरच्या जाड वायरीला गेलेला तडा दाखवला आणि त्यावर काळी चिकटपट्टी घट्ट गुंडाळून दिली. वायर बदलून घ्या, असंही सांगितलं. ते सांगणं मालकांच्या एका कानातून शिरलं आणि दुसऱ्यातून निघून गेलं.

मग गुडघ्यांनी साथ सोडली आणि मालकांनी दुकान बंद केलं. ताई, म्हणजे त्यांची लेक, तोवर दुसऱ्या गावी संसाराला लागली होती. बाळाला पाळणाघरात सोडून, मग दोन बस बदलून ती कामावर जायची. मालकांनी ठरवलं, गाडी ताईला द्यायची. दुकान बंद झाल्यापासून ते गप्प गप्प असत. हे ठरल्यावर पुन्हा शीळ घालू लागले. गाडी द्यायची तर आतूनबाहेरून लखलखीत करून द्यायची, आणि ताईला या साफसफाईचं आधी सांगायचं नाही. तिने घरी गेल्यावर सहज बॉनेट उघडावं आणि तोंडात बोट घालावं, असा त्यांचा बेत होता.

मिस्त्रींना त्यांनी विचारलं होतं, नाही असं नाही. मिस्त्रींनी सांगितलं, की इंजिन पूर्ण गार होऊ द्या, बॅटरीची वायर काढा, विजेच्या भागांवर प्लॅस्टिक बांधा. पाण्यात मिसळायचा इंजिन क्लीनर मिळतो, तोच आणा. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांच्या वाटेला जाऊ नका. मऊ ब्रशने घासा, ओल्या फडक्याने पुसा, आणि सुकेपर्यंत बॉनेट उघडं ठेवा. मालकांनी मान डोलावली. घरी येऊन मालकीणबाईंना मात्र म्हणाले, "डाग कसा काढायचा ते आता मी त्याच्याकडून शिकू?"

दुकानातला औषधाचा शेवटचा डबा त्यांनी जपून ठेवला होता. मला वाटतं, त्यांना लेकीला नुसती गाडी द्यायची नव्हती. स्वतःच्या हातचं काम द्यायचं होतं.

ताई मला न्यायला येणार होती, त्या दिवशी सकाळी त्यांनी मला टायरमध्ये हवा भरायला नेऊन आणलं. परत आल्यावर माझं अंग अजून कोमट होतं. त्यांनी बॉनेट उघडलं आणि डबा तिरका केला. मित्रांनो, तो वास मी ओळखला आणि माझी पाचावर धारण बसली. मला ओरडायचं होतं. पण हॉर्न वाजवायलाही मला कोणाचा तरी हात लागतो.

काम त्यांनी अगदी मन लावून केलं. औषध ओतायचं, भिजू द्यायचं, हलक्या हाताने चोळायचं, बोळ्याने टिपायचं. तेलाचे थर विरघळले, धातू चमकू लागला. पण त्याच औषधाने चिकटपट्टीचा गोंदही विरघळला. ती हळूहळू सुटली आणि आतली तांब्याची तार उघडी पडली. तिच्या खाली, बॅटरीच्या ताटलीत औषधाचं थारोळं साचलं होतं. तेवढ्यात मालकीणबाईंनी आतून सांगितलं, की ताईचा फोन आलाय, ती आधीच्या बसने येतेय. मालकांची धांदल उडाली. भिजलेला बोळा बॅटरीच्या कडेलाच राहिला, बॉनेट धाडकन बंद झालं आणि ते आंघोळीला पळाले.

माझ्या जागी कपडा असता तर त्यांनी तो दोरीवर टाकला असता, वाऱ्याने वास उडाला असता. मला कोण दोरीवर टाकणार? मी उन्हात उभी होते, झाकण बंद, आणि आत वाफ कोंडत चालली होती.

ताई आली, बाळाला कडेवर घेऊन. फाटकातच तिने मालकांना मिठी मारली. मग जरा मागे सरून म्हणाली, "बाबा, तुम्हाला साबणाचा वास येतोय. तुमचा वास गेला हो." मालक हसले. दुकान गेलं, वासही गेला, एवढंच म्हणाले. ताईचे डोळे भरून आले, ते मी पाहिलं.

ती जेवत होती, गप्पा मारत होती, आणि माझा जीव टांगणीला लागला होता. कोणीतरी बॉनेट उघडेल, मालकांना बोळा आठवेल, अशी मी वाट पाहत होते. कोणी आलं नाही. उन्हं कलायच्या आत निघायचं म्हणून सगळे बाहेर आले. बाळाला मागच्या सीटवर मालकांनी बसवून घेतलेल्या छोट्या खुर्चीत बांधलं. ते लगेच झोपलं. मालकीणबाईंनी पिशव्या ठेवल्या आणि त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मालक फाटक उघडून धरायला गेले. ताई चालकाच्या जागी बसली आणि तिने किल्ली लावली.

स्टार्टर फिरला की मी अंगभर हादरते. हादरले की ती उघडी तार शेजारच्या लोखंडाला टेकणार आणि ठिणगी पडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. ताईने किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवली. समोरचे लाल दिवे लागले. मग तिने दीर्घ श्वास घेतला आणि डोळे मिटून हसली. बाबांचा वास आला होता ना! लहानपणीचा, मिठीतला. ज्या वासाने दुसरं कोणीही दचकून उतरलं असतं, त्या वासाने माझ्या ताईला धीर दिला. तिची बोटं किल्लीवरच होती. ती आणखी फिरणार, इतक्यात तिने डोळे उघडले आणि समोरच्या काचेतून पाहिलं.

बाबा लांब फाटकाशी उभे होते. धुतलेला शर्ट घालून, साबणाने आंघोळ करून.

तिचं हसू मावळलं. किल्ली पुढे न फिरवता तिने अलगद मागे घेतली, उतरली, मागचं दार उघडून आधी बाळाला उचललं आणि लांब जाऊन उभी राहिली. तिथून तिने विचारलं, "बाबा, आज दुकानातलं काही काढलं होतं का?"

मालकांचा चेहरा पडला. "तुला घरी गेल्यावर दिसायचं होतं गं," ते म्हणाले. मग माझ्याजवळ आले, वाकून पुन्हा पुन्हा हुंगू लागले. "पण मला तर कसलाच वास येत नाही."

मालकीणबाई पुढे आल्या. "अहो, येतोय. मघापासून येतोय. मला वाटलं, तुमचाच आहे."

मालक मटकन पायरीवर बसले. ताईने बोलावल्यावर मिस्त्री आले. त्यांनी बॉनेट उघडून सगळ्यांना लांब ठेवलं, जवळ काडीसुद्धा ओढू दिली नाही. वास पूर्ण गेल्यावर बॅटरी सोडवली, बोळा चिमट्याने उचलला आणि लोंबणारी पट्टी दाखवली. मालक त्या उघड्या तारेकडे बघत राहिले, मग झोपलेल्या नातीकडे, आणि लहान मुलासारखे रडले. ताई त्यांच्या शेजारी बसून राहिली. गाडी उद्याही नेता येईल, उद्या आपण दोघं मिळून धुऊ, असं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी पूर्ण गार होते. वायर नवी, बॅटरी सुटी, विजेच्या भागांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या. ताईने नव्या क्लीनरच्या बाटलीवरचा शब्द न् शब्द मोठ्याने वाचून दाखवला. मग मालकांनी ब्रश घेतला. काय सांगू, त्यांच्या हातात अजून जादू होती! बॉनेट संध्याकाळपर्यंत उघडं राहिलं आणि मी खरोखर लखलखले.

आता मी ताईकडे असते. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्यांना आतूनही स्वच्छ ठेवा, आम्हाला ते हवं असतं. पण काय ओतताय ते ओतण्याआधी बघा आणि आम्हाला सुकायला उघडं ठेवा. एकट्याच्या नाकावर तर मुळीच विसंबू नका. माझे मालक अधूनमधून येतात आणि बाही सरसावून माझं इंजिन पुसायला घेतात. पण बाटलीचं झाकण काढलं की आधी ती ताईपुढे धरतात आणि म्हणतात, "पोरी, जरा वास घेऊन सांग. माझं नाक तू आहेस."