गवताचा डाग

संघ वरच्या गटातून खाली घसरला तेव्हा क्लबाने दोन प्रशिक्षक कमी केले, बस विकली आणि कपडे धुणारी बाई तेवढी ठेवली. सचिव म्हणाले, "जिंकणं थांबलं, मळणं कुठं थांबलंय?"

बाई अठरा वर्षं त्या खोलीत होती. माळ्यापासून कप्तानापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. त्यातला एकच तिचा सख्खा भाऊ, संघाचा गोलकीपर.

ताईला खेळातलं ओ की ठो कळत नसे, पण मळलेला कपडा हातात आला की माणूस कळे. गोलकीपरने जीव टाकून उडी मारली की कोपरांवर गवताचा हिरवा डाग बसतो. चिखल पाण्याने निघतो, हा डाग नाही. त्याला पिवळा साबण लावून ब्रशने घासावं लागतं. भावाच्या सदऱ्यापायी तिची बोटं कायम सोललेली असत, आणि त्याचा तिला अभिमान होता.

या हंगामात सहा गोल खाल्ले त्या दिवशी सदरा कोरा करकरीत आला. ताईने तो सगळ्यांसमोर उंच धरला.

"काय रे, हा धुवायचा की नुसती घडी घालू?"

"बॉल माझ्याकडे आलाच नाही, ताई."

"मग सहा गोल काय पोस्टाने आले?"

सगळे खो खो हसले. भाऊही हसला, पण त्याचे कान लाल झाले. पुढचे सदरेही तसेच कोरे आले. ताईने मग थट्टा केली नाही.

शेवटचा सामना आला. हरले तर आणखी खाली, आणि खालच्या गटात क्लब चालवायचा नाही असं ठरलेलं. माळ्याने तर कात्री, खुरपी आधीच घरी नेली होती. ताईचं क्लबाकडे लक्ष नव्हतं. भावाने एकदा तरी उडी मारावी, मग हरू दे, एवढंच तिच्या मनात होतं. धुण्याच्या खोलीच्या खिडकीतून मैदान दिसत नसे, समोर भिंत होती. लोक तीनदा हळहळले, मग खुर्च्या वाजल्या, मग काहीच नाही.

एरवी भाऊ सदरा टोपलीत फेकून जाई. आज तो स्वतः घेऊन आला. कोपरांपासून छातीपर्यंत चिखल.

"बघ ताई. आज काही हातचं राखलं नाही."

ताईला भरून आलं. तिने सदरा नळाखाली धरला, साबणाची नवी वडी काढली. तेवढ्यात चिखल सगळा वाहून गेला. खाली कोपर पांढरं स्वच्छ. हिरवं कुठेच नाही. हाताला चुन्याचे खडे लागले. मैदानाच्या रेषा आखायचा चुना मागच्या नळापाशी कालवत, तिथलाच हा चिखल.

भाऊ दारातच उभा होता.

"निघतोय का?"

ताईने साबण लावला, ब्रश घेतला आणि ते स्वच्छ कोपर खसाखसा घासायला लागली.

"चिवट आहे मेला. वेळ लागेल. तू जा, जेवून घे."

तो हलला नाही. तिच्या ब्रशकडे बघत म्हणाला, "राहू दे, ताई."

तिने मान वर केली नाही. घासतच राहिली.