कृमीच्या पाण्यातला चाकू

मित्रांनो, मी एक जुना चाकू आहे. पातं बोटभर, मूठ लाकडी आणि मुठीवर लाल पट्टी. मी कधी भाजी चिरली नाही की फळ सोललं नाही. माझं काम ऐकलंत तर तुम्ही मला हातही लावणार नाही.

आमच्या वस्तीमागच्या टेकडीवर पाइनची झाडं होती. एका उन्हाळ्यात ती तांबडी पडू लागली. डोळ्यांना न दिसणारी, सुतासारखी बारीक कृमी भुंगेऱ्यांबरोबर झाडात शिरायची, आणि मग झाडाला पाणीच चढेना. रोग पसरू नये म्हणून वाळलेलं प्रत्येक झाड तोडून जाळावं लागे. ते काम एका लाकूडतोड्याकडे आलं. तीन वर्षांत त्याने सगळी टेकडी बोडकी केली. एकच झाड हिरवं राहिलं. रोज संध्याकाळी तो वर जायचा, त्याच्या खोडावर तळहात टेकवायचा आणि खाली यायचा.

त्याची मुलगी रोपवाटिकेत कामाला होती आणि मी तिच्या हातातला. ते झाड खरंच रोगाला दाद देत नाही, की नुसतं भुंगेऱ्यांच्या तावडीतून सुटलंय, हे तिला शोधायचं होतं. त्याच्या बियांची दोनशे रोपं तिने वाढवली. मी खोडाला चीर द्यायचो, ती चिरेत कृमीचं पाणी सोडायची. जगेल ते रोप ठेवायचं. रोपं माना टाकू लागली की मला कसंनुसं व्हायचं. पण तिथल्या प्रमुख, मोठ्या बाई, तिला म्हणायच्या, "आज दया केलीस, तर उद्या टेकडी पुन्हा बोडकी होईल." त्यांचंही खरंच होतं.

कलमासाठी वेगळा चाकू होता, हिरव्या पट्टीचा. त्या दिवशी ती चिरा देत होती, तेवढ्यात मोठ्या बाईंनी हाक मारली. "अगं, वरच्या झाडाच्या कलमाच्या काड्या हव्यात. लगेच जाऊन ये." तिने मला तसाच, ओल्या पात्यानिशी, खिशात टाकला आणि टेकडी चढली. वर पोचल्यावर खिशात हात घातला, तर हाताला मीच लागलो. तिने पाहिलंसुद्धा नाही. मी ओरडणार तरी कसा? हिरव्या फांदीत मी सरळ उतरलो. खाली आल्यावर तिला लाल पट्टी दिसली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

तिने कुणालाच सांगितलं नाही. झाड दणकट आहे, सोसेल, असं ती मनाला समजावत राहिली. दीड महिन्यात शेंडा तांबडा झाला. तोडायला तिचा बापच गेला, कारण काम त्याचंच होतं.

मला तिने घरी आणून खुंटीवरच्या झोळीत लपवलं होतं. तिथून मी ऐकलं. जेवताना म्हातारा म्हणाला, "मीच आणला गं रोग. जन्मभर मेलेली झाडं तोडली, आणि तेच हात रोज त्याला लावत बसलो."

"तसं नसतं हो बाबा," ती म्हणाली. पुढचं वाक्य तिने घासाबरोबर गिळलं.

दोनशेतली नऊ रोपं तगली. झाड गेलं, पण त्याच्या पोटची नऊ तिसऱ्यांदा चीर देऊनही हिरवीगार राहिली. त्यातलं एक तिने कुंडीत लावून घरी आणलं. "बाबा, हात लावून बघा ना. भारी चिवट आहे."

त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको पोरी. माझे हात नकोत."

तिने कुंडी उचलून ओट्यावर नेली; खरं काय ते त्याही दिवशी सांगितलं नाही. दिवसांमागून वर्षं गेली. म्हातारा अंथरुणाला खिळला, माणसं ओळखेनासा झाला. दिवसभर तळहात चादरीला पुसत राहायचा. ते पाहून मला माझ्या पात्याचीच शिसारी यायची.

शेवटी एका दुपारी मला मांडीवर घेऊन ती त्याच्याजवळ बसली. "बाबा, तुमचे हात चांगले होते. चाकू माझा होता. मी तो साफ केला नव्हता." तिने त्याचा हात धरायला हात पुढे केला.

त्याने तो हळूच बाजूला घेतला. परक्या बाईशी बोलावं तशा अदबीने म्हणाला, "बाई, जरा लांब बसा. माझ्या हातांना रोग आहे."

मित्रांनो, पातं विस्तवावर धरलं की क्षणात साफ होतं. तेवढं मात्र चुकवू नका. आणि चुकलंच, तर त्याच दिवशी सांगून टाका. ज्याला सांगायचं, तो तुम्हाला ओळखतोय तोवर.